तलावाच्या तळावर फिरवलेला रोलर

सत्काराची शाल माझ्या पेटीत हाय, मुरमानं मळलेली. परवा ईदला अजमतबीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पेटी उघडली आन म्हणली, "अजी, आता तरी धुऊ द्या." मी तिच्यावर खेकसलो. सणाच्या दिवशी बायकोवर खेकसायला लाज वाटली पाहिजे का न्हाई? वाटली. पण शाल धुऊ दिली न्हाई.

कावून, ते सांगतो. सांगायला लई जड जातंय, म्हणून मधी मधी आवाज चढंल माझा. त्याचं मनावर घेऊ नका.

मी पाशा. शिरूर कासारकडची आमची वाडी. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन उसाला जातंय. मी कधी गेलो न्हाई, कारण माझ्या हातात रोलर हाय. रोलर ठेकेदाराचा, हात माझा. गेवराईच्या हायवेवर तीन वर्षं चालवलाय. रस्त्यावर मुरूम टाकायचा, टँकरनं पाणी मारायचं, आन वरून धडधडणारा रोलर फिरवायचा, ह्याला आमी दबाई म्हणतो. माझ्या दबाईवर इंजिनिअर लोक बूट आपटून बघायचे आन म्हणायचे, "पाशाभाई, ह्यात पाणी शिरत न्हाई." मी लई फुगायचो. घरी येऊन अजमतबीला सांगायचो. तिला ऐकून ऐकून कंटाळा आलता, पण मला सांगायचा आला न्हाई.

आता बद्रीनाना. बद्रीनाथ त्यांचं नाव, पण सगळी वाडी नाना म्हणती. सत्तरीचा माणूस. चाळीस वर्षं यारीवर, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायच्या त्या क्रेनवर, काढली. आमच्या भागात जमिनीखाली कुठं कसला दगड हाय, हे नानाला तोंडपाठ. त्यांनीच ठरवलं की वाडीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव करायचा. जागा कुणाची? त्यांची स्वतःची. तीन एकर मुरमाड रान दिलं. दान म्हणून दिलं आन वरून लोकांना हात जोडले की श्रमदानाला या.

गेल्या साली जानेवारीत नानांनी सगळं गाव त्या रानात गोळा केलं. हातभर खड्डा खणला आन त्यात घागरभर पाणी ओतलं. मी तंबाखू मळत व्हतो. मळून तोंडात टाकेपर्यंत खड्डा कोरडा.

मी म्हणलं, "नाना, हा मुरूम तर पाणी पितोय. असल्या जागी तलाव करतेत व्हय?"

"असल्याच जागी करतेत," नाना म्हणले. "पाणी वर ठिवून उन्हाला पाजायचंय का? ह्या मुरमात बारीक बारीक भोकं हायत पाशा, सगळी एकमेकाला जोडलेली. पाणी त्यातनं उतरत उतरत जाईल आन खालच्या विहिरींत निघंल. तलाव दिवाळीपर्यंत आटला पाहिजे, तवा म्हणायचं काम झालं."

मी मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली म्हणून मीबी डोलावली. आटणारा तलाव चांगला, हे काय माझ्या डोक्यात शिरलं न्हाई. आयुष्यभर मी पाणी अडवायचंच काम केलेलं.

तलावाखाली पहिली विहीर सुंदरकाकूची. सुंदरबाई, विधवा बाई, जीभ तिखट, पण गावात कुणाची बाळंतीण अडली की पहिली धावणार. तिनं दोनशे मोसंबी लावलेल्या. तीन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहून जगवलेल्या. ती नानाला म्हणली, "भावजी, तुमच्या शब्दावर मी ह्या साली उसाला जात न्हाई. विहिरीला पाणी आलं तर झाडं राहतील, न्हाई तर माझं सगळं गेलं." नाना म्हणले, "पाणी येईल."

मार्चमधी काम उरकत आलं. रमजान चालू व्हता. बांधाच्या भरावावर दबाई करायला मी ठेकेदाराकडून तीन दिवसांसाठी रोलर मागून आणला, फुकट. बांध पक्का दाबावाच लागतो, त्यात काय चूक न्हाई. दोन दिवसांत बांध झाला, असा की बघत राहावं. तिसरा दिवस उरला. टँकर भरून उभा. नाना डोळ्याचं दाखवायला बीडला गेलते.

आता ऐका माझी अक्कल. मी बांधावर उभा राहून तलावाचा तळ बघितला. सगळा उखणलेला, खडबडीत, ढेकळं पडलेली. मला ते बघवना. मी म्हणलं, रोलर हाय, पाणी हाय, रोजा हाय, मंग दिवस फुकट कावून घालवायचा? आपल्याकडून गावाला एवढी खिदमत. कुणी सांगितलं न्हाई बरं का. सरपंच अंगद तिथंच व्हता, त्यानंबी सांगितलं न्हाई. माझ्याच डोक्यातनं निघालं.

सकाळी सातला बसलो रोलरवर. वरून ऊन, खालून इंजिन, तोंडात थेंब न्हाई. पाणी मारायचं आन दाबायचं. एका पट्ट्यावरून दहा दहा येळा. दुपारी जीभ टाळूला चिकटली, डोळ्यापुढं काजवे आले, पण उतरलो न्हाई. चार वाजेपर्यंत तळ असा झाला की लग्नाच्या पंगती बसवाव्या. बघायला लोक आले. बाया आल्या. अंगदनं मोबाइलवर व्हिडिओ काढला आन म्हणला, "रोजा धरून पाशाभाईनं गावासाठी जीव काढला." टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली न्हवती. मला रडू आलं, खरं सांगतो.

संध्याकाळी नाना बीडवरून तडक तलावावर आले. हातात खजुराचा पुडा आन कलिंगड, माझा रोजा सोडायला आणलेलं. बांधावर आले आन थबकले. मंग खाली उतरले, वाकले, तळाला नख लावून बघितलं. पायाचा अंगठा दाबला. लई येळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन भरून आलं.

मी म्हणलं, "कसं झालं, नाना?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग म्हणले, "हात धू. वक्त झाला तुझा." आन स्वतःच्या हातानं कलिंगड कापून मला दिलं.

पाऊस दणकून झाला. तलाव काठोकाठ भरला. अंगदनं जलपूजन ठिवलं, मांडव घातला, आन त्यात माझा सत्कार केला, शाल, नारळ, फेटा. नाना खाली सतरंजीवर बसलेले. जागा देणारा खाली आन रोलरवाला वर खुर्चीत! मला तवाच खटकायला पाहिजे व्हतं. न्हाई खटकलं. मी फेट्यातला फोटो काढून सगळ्या पाव्हण्यांना पाठवला.

दिवाळी आली, तलाव भरलेलाच. लोक म्हणले, वा! पण खाली विहिरींचं पाणी काय वर सरकंना. पावसाचं जे आलं तेवढंच, तेबी उतरायला लागलं. मंग कुजबुज सुरू झाली. म्हातारा चळला. जागा चुकली. यारीवर दगड ओढणं येगळं आन पाण्याचं कळणं येगळं.

एक दिवस फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसलो व्हतो. नाना रस्त्यानं चालले. कुणीतरी हाळी दिली, "ओ नाना, तुमच्या भोकातनं पाणी उतरंना का?" सगळे फिदीफिदी हसले. मीबी हसलो. हसलो ते हसलो, वरून म्हणलं, "नाना, तुमच्या मुरमाची तहान भागली वाटतं."

नाना थांबले. माझ्याकडं बघून थोडंसं हसले आन गेले. ते हसणं आता आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटती.

डिसेंबरात सुंदरकाकूचा सांगावा आला, मोटर हवा ओढतीय, जरा बघून जा. मला इंजिनाचं थोडं कळतंय म्हणून लोक बोलावतेत. गेलो. मोटरला कायबी झालेलं न्हवतं. विहिरीचा तळ दिसत व्हता. मोसंबीची पानं वळायला लागलेली, खालच्या ओळीची तर गळालेली. काकू झाडाखालची पानं गोळा करत व्हती. कावून गोळा करत व्हती, तिलाच ठाऊक.

तेवढ्यात नाना बांधावरून आले. काकूनं त्यांना बघितलं आन तिचा तोल गेला.

"या, बघा! डोळे भरून बघा! पाणी येईल म्हणला व्हता ना? वर तुमचा तलाव तुडुंब आन खाली माझी विहीर खडखडीत! सगळी लोकं उसाला गेली, मी तुमच्या शब्दावर बसले. माझ्या लेकरासारखी झाडं मारली तुमी, भावजी. तुमीच मारली!"

नानांनी एकदाच, पापणी हलावी एवढंच, माझ्याकडं बघितलं आन मान खाली घातली. मंग काठी टेकत गेले.

त्या बघण्यात काय व्हतं, मला कळंना. पण घरी जायचं सोडून मी तलावावर गेलो. पाणी कडंनं मागं सरकलं व्हतं, आठ-दहा हात तळ उघडा पडलेला. उन्हानं आटलं तेवढंच आटलेलं. वर पाणी, खाली कोरडी विहीर. मधी काय? मधी माझा रोलर.

लिंबाखाली पहार पडलेली, ती घेतली. तळावर हाणली तर खण्णकन आवाज आला आन हात झिणझिणले. दहा-पंधरा घाव घातले तवा एक चिप्पा निघाला, चार बोटं जाड. उलटा करून बघितला. मुरमाचे दाणे चिरडून त्यांचं पीठ झालेलं आन ते पीठ भोकाभोकांत ठासून बसलेलं. आन त्या चिप्प्याच्या खाली? खाली मुरूम जसाच्या तसा, मोकळा, भुसभुशीत. हात घातला. कोरडा. चार पावलांवर पुरुषभर पाणी उभं, आन इथं हाताला धूळ लागती!

हापशावरून बादली आणली. अर्धी बादली चिप्पा काढलेल्या खड्ड्यात ओतली, बघता बघता गेली. अर्धी शेजारी, दाबलेल्या तळावर जरा खोलगट जागा व्हती तिथं ओतली. बसलो बघत. असरची, म्हणजे दुपार टळल्यावरची नमाज पढून आलो. पाणी तिथंच, वर एक माशी तरंगत व्हती.

माझ्या दबाईत पाणी शिरत न्हाई. इंजिनिअर खोटं बोलत न्हवते.

आन आणखी एक दिसलं. त्या उघड्या पट्ट्यात पहारीनं पाडलेली भोकं व्हती, एका ओळीत, हात हात अंतरावर. गाळानं बुजलेली, पण कळत व्हती. मी मोजायला लागलो आन चाळीसवर सोडून दिली. कुणी पाडली असतील, मला समजंना.

आता तुमाला वाटंल, हा उठला आन गावात जाऊन सांगून आला. न्हाई. एक महिना मी तोंड उघडलं न्हाई. सकाळी उठायचो, म्हणायचो आज सांगतो. मंग भिंतीवरचा फेट्यातला फोटो दिसायचा आन वाटायचं, उद्या सांगू. नाना दिसले की गल्ली बदलायचो. चांगला पन्नाशीचा बाप्या, आन चोरासारखा गल्ल्या बदलतोय! अजमतबीला सांगितलं फक्त. ती पोळ्या लाटत व्हती. लाटणं खाली ठिवलं आन म्हणली, "त्या म्हाताऱ्यानं तुमचा रोजा सोडवला व्हता." एवढंच. पुन्हा लाटायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर ग्रामसभा असती. अंगदनं आधीच विषय गावभर फिरवला व्हता, तलावात कागद टाकायचा. कागद म्हणजे शेततळ्यात अंथरतात ते काळं जाड प्लास्टिक. पाझर तर व्हत न्हाई, मंग पक्कंच अडवू आन मोटरीनं वरच्या रानांना देऊ, असा त्याचा हिशेब. त्याचंबी चुकलं कुठं? त्याला जे दिसत व्हतं त्यावर तो बोलत व्हता. पण एकदा कागद पडला की खालच्या विहिरी कायमच्या मेल्या, आन नानाचा शब्द खोटा पडला तो पडलाच.

पंचवीस तारखेला दुपारी मी नानाच्या दारात गेलो. ते ओट्यावर दोरी वळत बसलेले. मी उभ्या उभ्याच म्हणलं, "नाना, तलाव माझ्यामुळं बिघडला. तळावर रोलर फिरवला त्यानं."

नानांनी दोरी वळायची थांबवली न्हाई. "बस," म्हणले. "चहा घेतो का?"

"नाना, मी काय म्हणतोय?"

"ऐकलं की. मला ठाऊक हाय."

"कवापासून?"

"त्याच सांजेला. नख लावलं तवाच कळलं. विहिरी खोदताना खडकात असे थर लागतात, हातभरसुद्धा न्हाई, पण सगळ्या डोंगराच्या वजनानं दाबलेले. वरून पाणी झिरपत येतंय आन त्या थराला येऊन अडतंय, खाली ठणठणीत. डोंगराला त्याला किती काळ लागला असंल. तू एका दिवसात केलास." आन ते हसले. त्यांना खरंच कौतुक वाटत व्हतं, तेच तर लागलं मला.

माझा आवाज चढला. "मंग बोलला कावून न्हाई? तिथंच मुस्काटात मारायची! दुसऱ्या दिवशी नांगर घालून उखडलं असतं मी!"

"तुझा रोजा व्हता," नाना म्हणले. "दिवसभर उन्हात पाण्याचा थेंब न घेता राबलेला माणूस. ओठ फुटलेले तुझे. आन तोंडावर एवढी खुशी. कसं म्हणू की तू सगळं वाटोळं केलंस? उद्या सांगू म्हणलं. उद्या तुझे व्हिडिओ सगळ्या तालुक्यात फिरायला लागले. मंग म्हणलं, आपणच फोडू जमंल तेवढं."

"ती भोकं..."

"रोज सकाळी दहा-बारा पाडायचो. पाऊस लागेपर्यंत. हाताला फोड आले, पुढं जमंना. मदतीला कुणाला बोलवावं तर कारण सांगावं लागलं असतं." त्यांनी दोरीला पीळ दिला. "लई पक्का दाबलास रे."

मी तिथं खाली बसलो. सत्तरीचा माणूस माझी चूक पहारीनं फोडत व्हता, आन मी चहा पीत त्याच्यावर हसलो. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं.

"मी उद्या सभेत सांगतो," मी म्हणलं.

नानांनी दोरी बाजूला ठिवली. "सांगू नको. मला लोक चळला म्हणतेत. म्हणू दे, चार दिवसांत विसरतील. तुझं नाव निघालं तर तुझ्या एकट्याचं निघणार न्हाई, पाशा. सध्याचे दिवस कसे हायत, ते मी तुला सांगायचं का?"

मला सगळं कळलं, आन त्या लाजेवर आणखी एक लाज चढली. हा माणूस दहा महिने माझ्या घरावर छत्री धरून भिजत उभा व्हता.

दुसऱ्या दिवशी मी तो चिप्पा सत्काराच्या शालीत गुंडाळला आन सभेला गेलो. शाळेच्या मैदानात लोक बसलेले. अंगद बोलत व्हता, "तलाव पाझरत न्हाई, हे आता सगळ्यांना दिसलं. नानांची जागा चुकली, त्यांचा हेतू चांगला व्हता. तर कागद टाकायला ज्यांची संमती हाय त्यांनी हात वर करा." सुंदरकाकू मागं बसलेली. ती म्हणली, "कायबी टाका. माझी झाडं गेलीच." हात वर जायला लागले.

मी उठलो. नाना समोर बसले व्हते, त्यांनी माझ्याकडं बघून न्हाई न्हाई अशी मान हलवली. मी बघितलं आन तरी पुढं गेलो. टेबलावर शाल सोडली. अंगदसमोरची पाण्याची बाटली उचलली आन चिप्प्यावर ओतली. पाणी वरच राहिलं, मंग कडंनं ओघळून टेबलावर, अंगदच्या कागदांवर गेलं. पिशवीत खालचा मोकळा मुरूम आणलेला, तो घमेल्यात टाकला आन त्याच्यावर ओतलं. गेलं आत, दिसलंबी न्हाई.

मी म्हणलं, "जागा चुकली न्हाई. जागा एक नंबर व्हती. वर हा चार बोटांचा थर हाय, तो मी केलाय. कुणी सांगितलं न्हवतं. माझ्या हातानं, माझ्या मस्तीनं केलाय. नानांना पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं. माझ्यापायी त्यांनी तुमच्या शिव्या खाल्ल्या. आन मला महिन्यापासून ठाऊक व्हतं, तरी मी गप बसलो. ज्या शालीनं सत्कार केलात ती ही. घ्या परत."

शालीला कुणी हात लावला न्हाई. मंग मागून एक आवाज आला, "ह्या लोकांचं असंच असतंय."

नाना ताडकन उठले. इतक्या जोरात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं न्हवतं. "ह्या लोकांचं म्हणजे कुणाचं बे? तळ दाबला तवा टाळ्या कुणी वाजवल्या? तू पुढं उभा व्हतास. घागर जिरताना सगळ्यांनी बघितली व्हती, एकानं तरी म्हणलं का की पाशा, थांब? मी आलो आन मीबी गप बसलो. चूक एकट्याची न्हाई."

मंग सुंदरकाकू उठली आन सगळ्यांच्या मधून माझ्यासमोर आली. मला वाटलं, मारंल. मारावं असं वाटत व्हतं. तिनं तो चिप्पा दोन्ही हातांनी उचलला, वजन बघितलं, बोट फिरवलं. मंग नानाकडं वळली आन त्यांच्या पायावर डोकं ठिवलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

कागद रद्द झाला. मळलेली शाल मीच उचलून घरी नेली. तलावात उरलेलं पाणी मोटरीनं काकूच्या आन खालच्या विहिरींत सोडायचं ठरलं, आन तळ उघडा पडला की फोडायचा. काकूची एकशेवीस झाडं वाचली. ऐंशी गेली. जळणासाठी तोडली तवा मी कुऱ्हाड घेऊन गेलतो. ती म्हणली, "राहू द्या पाशाभाऊ, मी तोडते." आन एकेक तोडली.

तळ कोरडा व्हईस्तवर पुन्हा रमजान लागला, ह्या साली फेब्रुवारीतच. ट्रॅक्टरला लोखंडी दाते लावले आन मी बसलो. रोजा व्हता. अजमतबी म्हणली, चार दिवस थांबा. मी म्हणलं, दाबलं रोज्यात, फोडणारबी रोज्यात. दाते थरात घुसले की ट्रॅक्टर पुढून उचलायचा. माझंच काम माझ्याशी भांडत व्हतं.

नाना रोज बांधावर येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर, घसा कोरडा, मी एक पट्टा उरकून पुढं निघालो तर बांधावरून हाळी आली.

"ए पाशा! डोळे फुटले का बे तुझे? कोपरा तसाच सोडलास! ये मागं! नीट फोड, भाड्या!"

सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी शिवी, भर रोज्यात. मी ट्रॅक्टर मागं घेतला आन तो कोपरा पुन्हा फोडला. घाम डोळ्यात जात व्हता, म्हणून बरं झालं, कुणाला कायबी कळलं न्हाई.

गेल्या साली ही एक शिवी दिली असती, तर काकूची ऐंशी झाडं आज उभी असती. पण हक्कानं शिवी देता येईल असा तवा मी न्हवतोच. तवा मी नुसता टाळ्या वाजवण्याजोगा व्हतो.